कोन बोलून राह्यलं?

आपल्या वऱ्हाडात फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कोन बोलून राह्यलं?’ बाहेरच्या माणसाला तो जरा उद्धट वाटतो. पण दारावर थाप पडली की आपण आतून ‘कोण?’ म्हणतो, तसाच हा प्रश्न आहे. आमच्या घरात वडीलधारी माणसं मुलांना शिकवत, की दाराआडून कोणी ‘कोण?’ विचारलं तर ‘मी’ असं उत्तर देऊ नये, नाव सांगावं. ‘मी’ तर जगातला प्रत्येक जण असतो. नाव सांगितलं म्हणजे आतल्या माणसाला दार उघडायचं की नाही हे ठरवता येतं.

निनावी फोन नेमका हा अधिकार काढून घेतो. पडद्यावर नंबराच्या जागी ‘प्रायव्हेट नंबर’ किंवा ‘अननोन’ असं काहीतरी येतं. उचलला तर कधी पलीकडे नुसता श्वास, कधी शिवी, कधी धमकी, तर कधी गोड बोलून पैशाची मागणी. त्याला आपलं नाव, गाव, घर ठाऊक असतं आणि आपल्याला त्याचं काहीच ठाऊक नसतं. भीती निर्माण होते ती या विषम वाटणीतून. म्हणून हा नंबर लपतो कसा, हे आधी समजून घेऊ. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. पण ब्रह्मराक्षसाची बनावट कळली की तो निम्मा होतो.

टेलिफोन आला तेव्हा त्यावर निनावी राहणं सोपं नव्हतं. मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. त्या काळात मधे ऑपरेटर असायचा. तुम्ही त्याला नंबर सांगायचा आणि तो हाताने वायर जोडून द्यायचा. कोण कोणाशी बोलतोय, हे निदान त्या एका माणसाला माहीत असायचं. पुढे अमेरिकेत आल्मन स्ट्राउजर नावाच्या गृहस्थांनी ऑपरेटरशिवाय चालणाऱ्या एक्स्चेंजची कल्पना मांडली आणि १८९१ साली तिचं पेटंट घेतलं. त्यांचा धंदा अंत्यविधीच्या सामानाचा. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते, असा त्यांना संशय होता, अशी कथा सांगतात. मधला माणूस गेला आणि त्याच्याबरोबर साक्षीदारही गेला. आपल्याकडे १९६० साली लखनौ-कानपूर दरम्यान पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. मग गावोगावी एसटीडी-पीसीओची दुकानं आली. एक रुपयाचं नाणं टाकून कोणीही कोणाच्याही घरी फोन करावा आणि काही न बोलता ठेवून द्यावा, हे शक्य झालं. ‘ब्लँक कॉल’ हा शब्द आपल्या घरात शिरला तो याच काळात.

नंतर फोनच्या पडद्यावर नंबर दिसू लागला आणि वाटलं, आता हा त्रास संपला. पण नंबर दाखवण्याची सोय आली, तशी तो न दाखवण्याचीही सोय आली. तिची रीत समजायला पोस्टाचं उदाहरण घेऊ. समजा, पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता आहे आणि शेजारी शेरा आहे, ‘हा पत्ता घेणाऱ्याला दाखवू नये.’ पाकीट प्रत्येक टपाल कचेरीतून पत्त्यासकट जातं. शेवटचा पोस्टमन तेवढा पत्त्याचा भाग झाकून पाकीट तुमच्या हाती देतो. फोनचंही असंच होतं. कॉल करणाऱ्याचा नंबर कॉलबरोबर प्रवास करत असतो आणि सोबत ‘दाखवू नये’ अशी खूण असते. शेवटचं एक्स्चेंज ती खूण पाहून तुमच्या पडद्यापासून नंबर लपवतं. एक्स्चेंजच्या नोंदवहीत मात्र तो लिहिलेलाच असतो.

भारतात ही सोय मागेल त्याला मिळत नाही. ती मोजक्या लोकांना, सरकारी परवानगीने दिली जाते आणि त्यांची नोंद तपास यंत्रणांसाठी ठेवावी लागते. मग सामान्य माणसाला येणारे बिननंबरी फोन येतात कुठून? बरेचसे परदेशातून किंवा इंटरनेटच्या आडवाटेने येतात. त्या वाटेवर कधी नंबर गळून पडतो, तर कधी मुद्दाम खोटा चिकटवला जातो. आखातात कामाला गेलेल्या मुलाचा फोन घरी बिननंबरी किंवा भलत्याच नंबराने येतो, तो या कारणाने. म्हणून नंबर दिसला नाही की पलीकडे बदमाशच आहे, असं समजू नये. उलट, दहा आकडी देशी नंबर दिसला म्हणजे माणूस देशातलाच, असंही नाही. परदेशातून येणारे पण भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवण्याची यंत्रणा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. पहिल्या चोवीस तासांतच असे सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेल्याचं सरकारने सांगितलं. या आकड्यावरून हा धंदा केवढा मोठा आहे याची कल्पना येईल.

आता असा फोन आला तर करायचं काय? पहिली गोष्ट, आपलं नाव आधी सांगू नये. ‘आपल्याला कोण पाहिजे?’ एवढंच विचारावं. समोरचा नाव सांगत नसेल तर फोन ठेवावा. शिवीला शिवी देऊ नये, कारण त्याला तेच हवं असतं. तुम्ही चिडलात किंवा घाबरलात म्हणजे त्याच्या कष्टाचं चीज झालं.

दुसरी गोष्ट, एक साधी वही करावी. तारीख, वेळ, किती मिनिटं, काय बोलला, मागे कसले आवाज येत होते, हे त्यात लिहावं. ही वही पुढे फार कामाला येते. मोबाईल कंपन्यांना प्रत्येक कॉलची नोंद किमान दोन वर्षं ठेवावी लागते. ही मुदत डिसेंबर २०२१ मध्ये एका वर्षावरून दोन करण्यात आली. या नोंदी तुम्हा-आम्हाला मिळत नाहीत, पण पोलीस कायदेशीर मार्गाने मागवू शकतात. ‘मला कोणीतरी फोन करून त्रास देतं’ असं सांगणं वेगळं आणि ‘मंगळवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन आला’ असं लिहून देणं वेगळं. दुसऱ्यात तपासाला धागा मिळतो. देशातल्या नंबरावरून लपून केलेला फोन असा सापडू शकतो. इंटरनेटवरून परदेशातून आलेला शोधणं अवघड जातं, तरी तक्रार करावीच. तशा फोनची माहिती दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षू’ या सोयीत देता येते. ती मार्च २०२४ पासून सुरू आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३५१ मध्ये धमकीची शिक्षा सांगितली आहे. धमकी देणाऱ्याने आपलं नाव-गाव लपवलं असेल, तर त्या शिक्षेखेरीज आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे तोंड लपवून दिलेली धमकी कायदा जास्त वाईट समजतो. जुन्या दंडसंहितेतही हे होतं. कलम ७८ पाठलागाचं आहे. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहिला, तर पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून एकदा, एकाच वाक्यात, ‘मला तुमच्याशी बोलायचं नाही, पुन्हा फोन करू नका’ असं स्पष्ट सांगावं आणि ते सांगितल्याची वेळ वहीत लिहावी. त्यानंतर एक अक्षरही बोलण्याची गरज नाही. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर थांबू नये.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक निनावी आवाज ऐकू येतो, वसुलीचा. कापूस हाती यायच्या आत हप्त्याची तारीख येते आणि मग फोन सुरू होतात. माणूस नाव सांगत नाही, कंपनीचं नावही पुटपुटतो आणि शेजाऱ्यांना, सोयऱ्यांना फोन करून बोभाटा करण्याची भाषा वापरतो. इथे एक गोष्ट गावागावात कळायला हवी. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बँका, वित्त कंपन्या आणि त्यांच्या वसुली एजंटांना धमकीचे आणि निनावी फोन करायला मनाई केली. थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असंही बजावलं. बचत गटांच्या बायका ज्या मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतात, त्यासाठीच्या मार्च २०२२ च्या नियमांत ही वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी आहे. मोबाईल ॲपवरून कर्ज देणाऱ्यांनी ग्राहकाच्या फोनमधली नावांची यादी उचलू नये, हेही रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी सांगितलं. कर्ज फेडायचं असतं, यात वाद नाही. पण कर्ज घेतलं म्हणून माणसाने आपली अब्रू गहाण ठेवलेली नसते. अशा फोनची लेखी तक्रार आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे करावी. तीस दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

पैशाच्या फसवणुकीचे फोन हा वेगळाच प्रकार. कोणी पोलीस होतो, कोणी कस्टमचा साहेब, कोणी सांगतो की तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केलंय, घराबाहेर पडू नका, कोणाला सांगू नका. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही रेडिओवरून याबद्दल सावध केलं होतं. ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द आले की समजावं, हा चोर आहे. खरं सरकारी काम तोंडावर बोट ठेवायला सांगत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम मधेच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि आता मला खरं जे सांगायचं आहे ते. निनावी फोनमुळे सगळ्यात जास्त नुकसान कोणाचं होतं? घरातल्या मुलीचं आणि सुनेचं. एसटीडीच्या काळात बैठकीत एकच फोन असायचा. वडिलांनी उचलला की पलीकडून फोन बंद व्हायचा आणि घरातले सगळे डोळे मुलीकडे वळायचे. तिला काही ठाऊक नसायचं, पण ‘तुझ्याशिवाय कोणाला येणार?’ हा प्रश्न तिच्याच वाट्याला. आज फोन प्रत्येकाच्या हातात आहे, पण नजर बदललेली नाही. रात्री बिननंबरी फोन आला की मुलीचा मोबाईल काढून घेतात. त्याच मोबाईलवर तिच्या कॉलेजचे निरोप येतात, शिष्यवृत्तीचा ओटीपी येतो. पुढच्या महिन्यात तिचं शिक्षण थांबतं, त्याच्या पुढच्या महिन्यात स्थळ पाहणं सुरू होतं. फोन करणारा कोण, हे कोणी विचारतच नाही. गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला.

म्हणून मुली सांगत नाहीत. सांगितलं तर फोन जाईल, कॉलेज जाईल, या भीतीने गप्प राहतात. त्या गप्प राहतात, याच भरवशावर त्याचं धाडस वाढतं. त्याचा नंबर यंत्राने लपवलेला असतो, पण त्याला खरं संरक्षण देतो तो आपल्या घरातला संशय.

नाव लपवणं हे प्रत्येक वेळी वाईट नसतं. संकटातलं मूल १०९८ वर फोन करतं, मनाने खचलेला माणूस ‘टेलिमानस’च्या १४४१६ वर बोलतो, तेव्हा त्याला नावाची सक्ती नसते आणि नसावीच. दुबळ्याने स्वतःला वाचवण्यासाठी नाव झाकणं हा आधार आहे. आम्ही कवी टोपणनाव घेतो, पण ते नाव घेऊन व्यासपीठावर उभे राहतो आणि आपल्या ओळींचा जाब देतो. दुसऱ्याला घाबरवण्यासाठी नाव झाकणं ही मात्र निव्वळ भेकडी आहे.

तेव्हा मंडळी, घरात असा फोन आला तर मुलीला ‘कोणाचा होता?’ असं दरडावून विचारू नका. ‘घाबरू नकोस, वही आण, वेळ लिहून ठेवू’ असं म्हणा. गरज पडली तर तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा आणि परत येताना तिचा मोबाईल तिच्याच हातात असू द्या.