छोटी कार दहा-बारा वर्षे वापरायची आहे? शोरूममध्ये जाण्याआधी हे गणित मांडा

किंमत, स्क्रीन आणि सवलत पाहून गाडी ठरते. पण खिसा रिकामा होतो तो सहाव्या वर्षानंतर. सहा-सात लाखांच्या बजेटमध्ये नवी हॅचबॅक घेताना नेमके काय पाहावे?

गुढीपाडवा किंवा दसऱ्याच्या आठवड्यात राज्यातील कोणत्याही कार शोरूममध्ये साधारण सारखेच चित्र दिसते. घरातील चौघे गाडीभोवती फिरतात. मुले मागच्या सीटवर बसून पाहतात, सेल्समन टचस्क्रीन सुरू करून दाखवतो आणि बोलणे लगेच ‘आज बुकिंग केले तर किती सूट?’ या प्रश्नावर येते. याच गाडीचे सुटे भाग आठ वर्षांनी सहज मिळतील का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

छोटी कार घेणाऱ्या बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी घरानंतरची ही सर्वांत मोठी खरेदी असते. दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणे त्यांना परवडत नाही. गाडी दहा-बारा वर्षे चालवायची असेल, तर निवडीचे निकषही बदलावे लागतात.

किंमत किती उतरली?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कारवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा सेसही गेला. चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन असलेल्या गाड्या या गटात येतात. पेट्रोल गाडीवर आधी सेससह २९ टक्के कर होता. म्हणजे १२९ रुपयांची वस्तू ११८ रुपयांना झाली; ही घट सुमारे साडेआठ टक्क्यांची आहे.

मात्र जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर घेतलेल्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला ११ टक्के वाहन कर लागतो. सहा लाखांच्या गाडीला हा करच ६६ हजार रुपये होतो. सीएनजी गाडीसाठी कराचा दर पेट्रोलपेक्षा कमी आहे. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एक वर्षाचा घेता येतो. हा विमा डीलरकडूनच घ्यावा, असे बंधन नाही. बाहेरून एक-दोन कोटेशन आणल्यास डीलरही दर कमी करतो. कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्ज’ लिहिला असेल, तर तो सरकारी शुल्काचा भाग नाही, हे लक्षात ठेवावे.

दहा वर्षांचा खर्च किती?

एक उदाहरण घेऊ. गाडी ऑन-रोड सात लाखांना पडली. एक लाख रुपये स्वतःचे भरले आणि सहा लाखांचे कर्ज ९ टक्के दराने घेतले. वापर वर्षाला १० हजार किलोमीटर, शहर व हायवे मिळून प्रत्यक्ष अ‍ॅव्हरेज १८ आणि पेट्रोलचा दर १०४ रुपये धरला. विमा आणि देखभालीचे आकडे अंदाजे आहेत.

• गाडीची ऑन-रोड किंमत : ७ लाख
• पाच वर्षांच्या कर्जाचे व्याज : सुमारे १ लाख ४७ हजार
• एक लाख किलोमीटरचे पेट्रोल : सुमारे ५ लाख ७८ हजार
• पुढील विम्याचे हप्ते : सुमारे १ लाख
• सर्व्हिस आणि दुरुस्ती : सुमारे १ लाख
• टायरचे दोन संच, दोन बॅटऱ्या : सुमारे ४६ हजार

एकूण खर्च १६ लाख ७१ हजारांच्या घरात जातो. दहा वर्षांनी गाडीचे दीड लाख रुपये आले, तरी महिन्याला साधारण १२ हजार ७०० रुपये पडतात. ज्या गाडीला आपण ‘सात लाखांची’ म्हणतो, तिच्यासाठी प्रत्यक्षात दुपटीहून अधिक पैसे मोजलेले असतात.

या गणितातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, अ‍ॅव्हरेज १८ ऐवजी २० मिळाले, तर दहा वर्षांत सुमारे ५८ हजार रुपये वाचतात. शोरूममध्ये घासाघीस करून मिळणाऱ्या १०-१५ हजारांच्या सवलतीपेक्षा ही रक्कम मोठी आहे. दुसरी, हेच कर्ज सात वर्षांचे केले, तर मासिक हप्ता सुमारे १२,४५५ वरून ९,६५० रुपयांवर येतो, पण व्याज जवळपास ६३ हजारांनी वाढते. शिवाय क्लच, सस्पेन्शन यांसारखी मोठी कामे निघण्याच्या काळातही हप्ते सुरूच राहतात.

कंपनी आणि पार्ट टिकतील का?

पुण्याजवळच्या तळेगाव कारखान्यात जनरल मोटर्स शेवरोले बीट ही छोटी कार बनवत होती. मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री वर्षअखेरीस थांबवण्याची घोषणा केली. कारखाना डिसेंबर २०२० पर्यंत फक्त निर्यातीसाठी चालला आणि पुढे तो ह्युंदाईने घेतला. त्या वर्षीच्या पाडव्याला बीट घेतलेल्या ग्राहकाची गाडी दोन-तीन महिन्यांतच ‘बंद होणाऱ्या कंपनीची’ ठरली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, तर निसानने एप्रिल २०२२ मध्ये डॅटसन ब्रँड बंद केला. कंपनी गेली म्हणून गाडी लगेच बंद पडत नाही, सेवाही काही काळ मिळते. पण पार्टसाठी थांबावे लागते आणि गाडीची रीसेल किंमत घसरते.

भविष्य कोणालाच सांगता येत नाही. पण जोखीम कमी करता येते. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, तेच इंजिन किती मॉडेलमध्ये आहे? मारुतीचे ९९८ सीसीचे इंजिन अल्टो के१०, एस-प्रेसो, सेलेरिओ आणि वॅगन आर अशा चार गाड्यांत आहे. ह्युंदाईचे ११९७ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन ग्रँड आय१० निऑसखेरीज आय२०, ऑरा आणि एक्स्टरमध्येही येते. बलेनो आणि टोयोटा ग्लान्झा या तर मुळात एकच गाडी आहेत. इंजिन जितक्या जास्त गाड्यांत, तितके त्याचे पार्ट बाजारात जास्त आणि काम येणारे मेकॅनिकही जास्त.

दुसरी, अधिकृत सर्व्हिस सेंटर किती दूर आहे? पुणे-मुंबईत हा प्रश्न येत नाही. पण गडहिंग्लज, किनवट किंवा देवरुखमधल्या ग्राहकाला सर्व्हिससाठी दर वेळी ८०-१०० किलोमीटर जावे लागले, तर पेट्रोलबरोबर कामाचा दिवसही जातो. गाडीचे मॉडेल ठरवण्याआधी हे अंतर मोजावे.

तिसरी, वॉरंटी. मारुतीने जुलै २०२४ मध्ये मूळ वॉरंटी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर केली. जादा पैसे भरून ती सहा वर्षांपर्यंत वाढवता येते. गाडी लांब पल्ल्यासाठी घेणाऱ्याला वाढीव वॉरंटी ही सीट कव्हर आणि क्रोम पट्ट्यांपेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

कोणता गिअरबॉक्स, कोणते फीचर?

दीर्घकाळ वापरासाठी साधा नियम असा, की गाडीत जितक्या कमी गुंतागुंतीच्या गोष्टी, तितकी पुढे कमी डोकेदुखी. टर्बो नसलेले साधे पेट्रोल इंजिन आणि मॅन्युअल गिअरबॉक्स ही सर्वांत स्वस्तात सांभाळता येणारी जोडी आहे.

रोज तासभर ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्यांसाठी एएमटी हा परवडणारा पर्याय आहे. त्यात गिअरबॉक्स आणि क्लच मॅन्युअलसारखेच असतात. पायाऐवजी यंत्रणा क्लच दाबते. ही यंत्रणा बिघडली तर खर्च मॅन्युअलपेक्षा जास्त येतो, म्हणून एएमटी घेताना वाढीव वॉरंटी घ्यावीच. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवण्याची सवय मात्र मोडावी लागेल. त्यानेच क्लच लवकर जातो.

व्हेरियंट शक्यतो मधला निवडावा. सर्वांत खालच्या व्हेरियंटमध्ये मागचा वायपर, म्युझिक सिस्टिम अशा वस्तू नसतात आणि बाहेरून बसवताना वायरिंग कापले, तर वॉरंटीचा वाद होऊ शकतो. सर्वांत वरच्या व्हेरियंटमध्ये मोठे अलॉय व्हील आणि कमी जाडीचे टायर येतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते लवकर मार खातात आणि बदलायलाही महाग पडतात. एसीची बटणे स्क्रीनमध्ये आहेत की वेगळी, हेही पाहावे. स्क्रीन बंद पडली, तरी एसी चालला पाहिजे.

पेट्रोल की सीएनजी?

फॅक्टरी फिटेड सीएनजी गाडी त्याच पेट्रोल गाडीपेक्षा साधारण ९० हजारांनी महाग असते. पेट्रोलवर प्रतिकिलोमीटर ५ रुपये ७८ पैसे खर्च येतो. सीएनजी ८० रुपये किलो आणि प्रत्यक्ष अ‍ॅव्हरेज २५ धरले, तर तोच खर्च ३ रुपये २० पैसे होतो. म्हणजे जादा दिलेले ९० हजार वसूल व्हायला सुमारे ३५ हजार किलोमीटर लागतात.

वर्षाला १० हजार किलोमीटर धावणाऱ्याला साडेतीन वर्षे, तर फक्त रविवारी गाडी काढणाऱ्याला सात-आठ वर्षे. म्हणून वापर महिन्याला ८०० किलोमीटरपेक्षा जास्त असेल आणि पंप रोजच्या वाटेवर असेल, तरच सीएनजीचा विचार करावा. पंपावरची रांग, डिक्कीत कमी झालेली जागा आणि दर तीन वर्षांनी करावी लागणारी सिलिंडरची हायड्रो टेस्ट हेही हिशेबात धरावे. स्टेपनी मिळते की फक्त पंक्चर किट, हे बुकिंगआधीच विचारावे.

पेट्रोल घेणाऱ्यांना ई२० ची काळजी वाटते. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे पाइप, सील ई२० ला चालतील असे बनवले जातात. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी असल्याने अ‍ॅव्हरेज थोडे कमी मिळते. त्यामुळे कंपनीच्या आकड्यावर हिशेब न करता त्यातून २०-२५ टक्के वजा करूनच गणित मांडावे.

सुरक्षेचे तारे कसे वाचावेत?

येथे सर्वाधिक गोंधळ होतो. २०२५ मध्ये मारुतीने वॅगन आर, सेलेरिओ आणि अल्टो के१० मध्ये सहा एअरबॅग सर्व व्हेरियंटमध्ये दिल्या. निऑसमध्ये त्या २०२३ पासूनच आहेत. मात्र २०२३ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत दोन एअरबॅग असलेल्या वॅगन आरला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला होता आणि तिचा सांगाडा ‘अस्थिर’ ठरला होता. एअरबॅग वाढल्याने बचाव वाढतो, सांगाडा आपोआप मजबूत होत नाही. टियागोला २०२० मध्ये चार तारे मिळाले, पण ते जुन्या नियमांनुसार. २०२२ मध्ये नियम कडक झाले. म्हणून तारे पाहताना चाचणीचे वर्ष आणि चाचणीतील गाडीत किती एअरबॅग होत्या, हे दोन्ही पाहावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपचा निकाल उपलब्ध असेल, तर तो आधी वाचावा.

गाडी दहा वर्षे वापरायची म्हणजे आज पहिलीत असलेले मूल त्याच गाडीतून अकरावीच्या प्रवेशाला जाणार. तेवढ्या वर्षांत हायवेवरचे कितीतरी प्रवास होतील. दहा-पंधरा हजार वाचवण्यासाठी ईएसपी किंवा मागच्या तिन्ही सीटचे थ्री-पॉइंट बेल्ट सोडू नयेत.

तुमच्यासाठी कोणती?

• रोजचे अंतर जास्त, बजेट घट्ट, राहणे तालुक्याच्या गावी : सर्व्हिस सेंटर जवळ असलेली एक लिटर इंजिनची मॅन्युअल गाडी, पंप वाटेवर असेल तर सीएनजी.
• घरात ज्येष्ठ नागरिक : उंच सीट आणि मोठा दरवाजा. आई-वडिलांना शोरूममध्ये सोबत नेऊन तीन-चार वेळा चढ-उतार करून पाहावे.
• दर महिन्याला हायवेचा लांब प्रवास : १.२ लिटर इंजिन आणि चांगला क्रॅश निकाल. पाच जण आणि सामान असताना एक लिटरची गाडी घाटात दमते.
• वर्षाला पाच हजार किलोमीटरपेक्षा कमी वापर : साधी पेट्रोल गाडी; सीएनजीचे जादा पैसे वाचवून कर्ज कमी घ्यावे.

डिलिव्हरी घेताना

नोंदणी होण्याआधी गाडी दिवसाउजेडी पाहावी. टायरवरील डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘३२२५’ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. गाडीच्या निर्मितीचा महिना-वर्ष लेखी घ्यावा, कारण डिसेंबरमध्ये बनलेली गाडी जानेवारीत घेतली, तरी रीसेलच्या वेळी ती एक वर्ष जुनी धरली जाते. सर्व्हिसची सगळी बिले पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवावीत.

कारची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासून नूतनीकरण करावे लागते आणि एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून पाच हजार झाले आहे. त्यामुळे दहा ते पंधरा वर्षे हा छोट्या कारचा व्यवहार्य कालावधी मानता येतो.

बुकिंगची रक्कम भरण्याआधी एक काम जरूर करावे. आपल्या भागातील एखाद्या जुन्या गॅरेजमध्ये जाऊन मेकॅनिकला विचारावे, ‘या मॉडेलच्या आठ-दहा वर्षे जुन्या गाड्या तुमच्याकडे कशासाठी येतात आणि पार्ट किती दिवसांत मिळतो?’ शोरूममध्ये न मिळणारे उत्तर तिथे पाच मिनिटांत मिळते.