शेताचा कोपरा कोणासाठी?



गेल्या सुगीत आमच्या हातून एक गोष्ट घडली, ती आज आपल्यापुढे मांडतो. चर्चच्या शेतातले दोन एकर भात दरवर्षी आपल्याच धर्मग्रामातील बाया कापतात. नोव्हेंबरात आभाळ भरून आले, माणसे वेळेवर मिळतील की नाही अशी धास्ती वाटली, आणि आम्ही कापणी-मळणीचे मोठे यंत्र बोलावले. सकाळी सुरू झालेले काम दुपारच्या जेवणाआधी आटोपले. रविवारी मिस्सानंतर एक विधवा बहीण दाराशी थांबली. "फादर, यंदा आम्हांला बोलावलं नाही?" एवढेच ती म्हणाली. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

यंत्राला शिव्या देऊन हा प्रश्न सुटणार नाही. एक एकर भात हाताने कापायला 8-10 माणसांचा दिवस जातो. पेंढ्या बांधणे, मळणी, वारवणी वेगळीच. यंत्र हे सारे तास-दीड तासात उरकते. घरातली तरणी पोरे बेळगावच्या कारखान्यांत गेली आहेत, पूर्वीचा पैराही मोडत चालला आहे. अशा वेळी म्हाताऱ्या शेतकऱ्याने यंत्र बोलावले तर त्याला दोष कसा द्यावा?

शिवाय काही कष्ट असे आहेत की ते संपावेत हेच बरे. ऊसतोडीला येणारी जोडपी आपण पाहतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, उचल आधीच घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत आजारपणालाही सुट्टी नाही. 2019 साली महाराष्ट्र सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे जिणे यंत्राने संपले तर आम्ही देवाचे आभारच मानू. पण कोयता सुटल्यावर त्या बाईच्या हाती दुसरे काय येणार, हे कोणी पाहायचे?

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 साली 'लाबोरेम एक्सर्चेन्स' या परिपत्रकात हाच विचार मांडला. यंत्र माणसाचा सोबती आहे. पण ते माणसाला बाजूला सारू लागले, तर तोच सोबती वैरी ठरू शकतो. 2025 साली निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनीही आपल्या नावाचा संबंध पोप लिओ तेरावे यांच्या 1891 सालच्या कामगारविषयक परिपत्रकाशी आणि आजच्या नव्या यंत्रबुद्धीशी जोडला आहे. म्हणजे हा प्रश्न मोठ्या शहरांतल्या कचेऱ्यांचा आहे, तसाच आपल्या बांधावरचाही आहे.

लेवीयच्या 19व्या अध्यायात शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी सोडायची आज्ञा आहे. गंमत अशी की, मोठ्या यंत्रालाही कोपरा नीट कापता येत नाही! तेव्हा आपण काय करावे?

1. यंत्र येण्याआधी कोपरे, बांधाकडची आणि झाडाखालची कापणी हाताने करून घ्या. यंत्राला वळायला जागा मिळते, दाणा वाया जात नाही, आणि चार हातांना मजुरी मिळते.

2. बियाण्याचा तुकडा हातानेच कापून झोडपा. यंत्रातून मागच्या शेतातला दाणा आणि तणाचे बी आपल्या शेतात येते. यंत्र आत घेण्याआधी ते झाडून घ्यायला सांगा.

3. यंत्राने कापलेल्या भातात ओल पुष्कळ असते, बहुधा 20 टक्क्यांच्या वर. तसेच पोत्यांत ठेवले तर बुरशी धरते. उन्हात पातळ पसरून, वरचेवर हलवून, ओल 14 टक्क्यांच्या खाली आणा. हे काम मजुरी देऊन बायांना द्या.

4. मागे राहिलेले गवत जाळू नका. ते गोळा करवून घ्या. ज्याच्या दारात गाय आहे पण शेत नाही, त्यालाही त्यातले द्या.

5. मळणीच्या धुळीत नाका-तोंडाला कापड बांधा. दमेकऱ्याने लांबच राहावे. यंत्राजवळ पदर, धोतर सैल सोडू नका. अडकलेले गवत इंजिन बंद केल्यावाचून काढू नका.

आणखी एक. कर्नाटकात 2014-15 पासून होबळीच्या ठिकाणी 'कृषी यंत्रधारे' केंद्रे निघाली, तेथे यंत्रे भाड्याने मिळतात. आपल्या स्त्रियांच्या बचत गटांनी एखादे लहान यंत्र मिळून घ्यावे, आणि ते चालवायला व दुरुस्त करायला भूमिहीन घरांतल्या मुलामुलींना आधी शिकवावे. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि ते चालवतो कोण, यावरच ते कोणाची भाकरी हिरावते व कोणाला देते, हे ठरते.

येत्या सुगीत चर्चच्या एक एकराची कापणी विळ्यानेच होईल. दुसऱ्या एकरात यंत्र येईल. पण त्याचे कोपरे, वाळवणी आणि गवत गेल्या वर्षी राहून गेलेल्या बहिणींकडे असेल, आणि यंत्रामुळे वाचलेली मजुरी त्यांच्या मुलांच्या शिकवणीसाठी बाजूला ठेवू. दारातल्या त्या बहिणीला आम्ही हे सांगून आलो आहोत. आपल्यापैकी प्रत्येकाने यंत्राला फोन लावण्याआधी दरवर्षी येणाऱ्या माणसांच्या घरी एकदा जाऊन यावे, एवढीच विनंती.