स्पोअर

एका काल्पनिक जीवजातीची एकाकी कोशिकेपासून (पेशीपासून) अवकाशात संचार करणाऱ्या समाजापर्यंतची वाटचाल दाखविणारा संगणकीय खेळ. अमेरिकेतील मॅक्सिस या संस्थेने तो तयार केला व इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या कंपनीने सप्टेंबर २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. विल राइट (१९६०– ) हे त्याचे मुख्य रचनाकार होत. ‘स्पोअर’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ बीजुक असा आहे. खेळाच्या आरंभी अशनीबरोबर एका ग्रहावरील समुद्रात जीव येऊन पडतो, या घटनेशी हे नाव जुळणारे आहे. क्रमविकासासारखा (उत्क्रांतीसारखा) गहन विषय सामान्य खेळाडूच्या हाती देण्याचा एक मोठा प्रयत्न म्हणून हा खेळ गाजला; त्याचबरोबर क्रमविकासाविषयीच्या काही जुन्या गैरसमजुतींना त्याने बळ दिले, अशी टीकाही त्यावर झाली.

पूर्वपीठिका : राइट यांनी जेफ ब्रॉन यांच्यासमवेत मॅक्सिसची स्थापना केली आणि १९८९ साली सिमसिटी हा नगररचनेचा खेळ प्रसिद्ध केला. प्रतिस्पर्ध्यास हरविण्यापेक्षा एखादी गुंतागुंतीची व्यवस्था उभारून तिचे वर्तन न्याहाळणे, यावर त्यात भर होता. हेच सूत्र पुढे निरनिराळ्या विषयांना लावण्यात आले. सिमअर्थ (१९९०) हा खेळ जेम्स लव्हलॉक यांच्या गाइया परिकल्पनेवर आधारलेला होता. सिमअँट (१९९१) मध्ये मुंग्यांची वसाहत, तर द सिम्स (२०००) मध्ये माणसांचे नित्याचे घरगुती जीवन हा विषय होता. सर्वांत लहान प्रमाणापासून सर्वांत मोठ्या प्रमाणापर्यंतचे विश्व एकाच खेळात आणावे, ही स्पोअरमागील मूळ कल्पना होय. तिला दोन गोष्टींची प्रेरणा होती. चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याच्या पॉवर्स ऑफ टेन (१९७७) या लघुपटात दृश्याची व्याप्ती टप्प्याटप्प्याने दसपट वाढत दूरच्या दीर्घिकांपर्यंत जाते व परत फिरून अणूच्या अंतरंगापर्यंत पोहोचते. दुसरी प्रेरणा म्हणजे फ्रँक ड्रेक यांनी १९६१ साली मांडलेले समीकरण. आकाशगंगेत संपर्क साधू शकतील असे किती प्रगत समाज असावेत, याचा अंदाज त्यात अनेक घटकांच्या गुणाकाराने केला जातो. राइट यांनी मार्च २००५ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथील खेळनिर्मात्यांच्या परिषदेत या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले, तेव्हापासून त्याविषयी मोठे कुतूहल निर्माण झाले होते.

खेळाचे स्वरूप : खेळाचे पाच टप्पे आहेत. पहिल्या, कोशिका टप्प्यात खेळाडू शाकाहारी वा मांसाहारी सूक्ष्म जीव निवडतो. स्वतःहून मोठ्या जीवांना चुकवीत व लहानांना किंवा वनस्पतिकणांना खात हा जीव वाढतो. कशाभिका (चाबकासारखे अवयव), पक्ष्माभिका (केसासारखे अवयव), काटे, विष इ. साधने मिळवून ती त्याच्या शरीरावर बसविता येतात. दुसऱ्या टप्प्यात हा जीव पाय फुटून जमिनीवर येतो. येथे इतर जातींशी गाणे, नृत्य इत्यादींच्या साहाय्याने मैत्री करणे किंवा लढून त्यांचा नाश करणे, असे दोन मार्ग खुले असतात. तिसऱ्या टप्प्यात त्याच जीवांची टोळी बनते. भाले, मशाली व वाद्ये हाती येतात. चौथ्या टप्प्यात नगरे, वाहने आणि त्यांच्या बळावर लष्करी, व्यापारी किंवा धार्मिक मार्गाने ग्रह ताब्यात घेणे, असा क्रम आहे. पाचवा अवकाश टप्पा सर्वांत विस्तृत आहे. एका अवकाशयानातून असंख्य ताऱ्यांच्या प्रदेशात फिरणे, वसाहती स्थापणे, व्यापार, तह व युद्धे करणे आणि ओसाड ग्रहांचे वातावरण बदलून ते जीवसृष्टीस योग्य करणे, ही त्यातील कामे होत. आधीच्या टप्प्यांत खेळाडूने स्वीकारलेल्या धोरणाचे परिणाम गुणविशेषांच्या रूपाने पुढील टप्प्यांत उतरतात.

तंत्र : या खेळाचे सर्वमान्य वैशिष्ट्य त्याच्या घडणतंत्रात आहे. पूर्वीच्या बहुतेक खेळांत प्रत्येक प्राण्याची आकृती व हालचाल चित्रकार आधीच तयार करून ठेवीत. स्पोअरमध्ये प्राणी खेळाडूच घडवितो. मातीच्या गोळ्याप्रमाणे धड ओढून-ताणून, त्यावर हवे तितके पाय, डोळे, तोंडे व शिंगे बसविता येतात. त्यामुळे त्या प्राण्याने कसे चालावे, हे निर्मात्यांना आधी ठाऊक असणे शक्य नव्हते. यासाठी क्रिस हेकर व त्यांचे सहकारी यांनी अशी पद्धती विकसित केली, की ‘पकड’, ‘उडी मार’, ‘नाच’ अशी क्रिया सर्वसाधारण रूपात एकदा नोंदवायची आणि समोर येणाऱ्या कोणत्याही सांगाड्यावर ती संगणकाने तत्काळ बेतायची. तीन पायांचा प्राणी असो वा एकही पाय नसलेला, दोघेही पाहणाऱ्यास पटेल असे चालतात. ही पद्धती २००८ साली संगणकीय आलेखिकीच्या सिग्राफ परिषदेत शोधनिबंधाच्या रूपाने मांडण्यात आली.

प्राण्याचे पूर्ण चित्र न साठविता ते रचण्याची कृती तेवढी साठविली जाते. त्यामुळे त्याची नोंद अत्यंत लहान जागेत मावते. प्राण्याच्या छोट्या चित्रातच ती दडविलेली असते. परिणामी एका खेळाडूने घडविलेला प्राणी इंटरनेटद्वारे दुसऱ्याच्या ग्रहावर सहज अवतरतो. या सर्व निर्मितींच्या संग्रहास स्पोअरपीडिया असे नाव आहे. प्राणी घडविण्याचा भाग जून २००८ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध करण्यात आला व थोड्याच दिवसांत संग्रहातील प्राण्यांची संख्या दहा लाखांपलीकडे गेली. पुढे प्राणी, इमारती, वाहने इ. मिळून निर्मितींची संख्या दहा कोटींवर पोहोचली. संगीताच्या बाबतीतही हेच तत्त्व योजलेले आहे. ब्रायन ईनो यांच्या सहभागाने तयार झालेले संगीत सर्वस्वी पूर्वमुद्रित नसून त्यातील काही भाग खेळ चालू असताना ठराविक नियमांनुसार रचला जातो.

क्रमविकासाशी तुलना : सजीवांच्या क्रमविकासाचे स्पष्टीकरण आनुवंशिक भेद व नैसर्गिक निवड यांच्या साहाय्याने चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली केले. एकाच जातीच्या व्यक्तींमध्ये लहानमोठे भेद असतात. त्यांतील काही पुढील पिढीत उतरतात. ज्या भेदांमुळे व्यक्ती अधिक संतती मागे ठेवते, त्या भेदांचे प्रमाण समूहात वाढत जाते. भेद उत्पन्न होताना पुढील गरजेचा विचार त्यात नसतो. बदलतो तो समूह, एखादी व्यक्ती नव्हे.

स्पोअरमध्ये यांपैकी एकही गोष्ट घडत नाही. प्राणी जोडीदाराजवळ जातो, अंडे घातले जाते आणि त्या वेळी खेळाडूपुढे घडणीचा फलक उघडतो. मिळविलेले गुण खर्च करून तो अवयव जोडतो किंवा काढून टाकतो. एका पिढीत संपूर्ण शरीर बदलणेही शक्य असते. भेद यादृच्छिक नाहीत; ते हेतुपूर्वक केलेले आहेत. निवड निसर्गाची नाही, ती खेळाडूच्या आवडीची आहे. प्राणी मारला गेला, तरी तो घरट्यातून पुन्हा सुरुवात करतो. म्हणजे मृत्यूमुळे काहीच गमावले जात नाही आणि म्हणून निवडीला जागाच उरत नाही. प्रत्यक्षात पृथ्वीवर होऊन गेलेल्या जीवजातींपैकी बहुतांश निर्वंश झालेल्या आहेत. सारांश, या खेळातील बदल हा क्रमविकास नसून कारागिरी होय.

दुसरा फरक दिशेचा आहे. खेळातील पाच टप्पे शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकावर एक असून वरच्या पायरीवर बुद्धिमान, यंत्रकुशल जीव उभा आहे. क्रमविकासाचे चित्र शिडीपेक्षा अनेक फांद्यांच्या झुडुपाशी अधिक जुळते. जीवाणू हे मानवाच्या मार्गावरील मागे पडलेले प्रवासी नव्हेत. तेही तितकाच काळ बदलत आलेले असून आज सर्वत्र नांदत आहेत.

तिसरा फरक इतिहासाचा आहे. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख व देवमाशाचे वल्हे यांची कामे भिन्न, परंतु हाडांचा आराखडा एकच आहे, कारण तो एका सामाईक पूर्वजाकडून आला आहे. पूर्वी जे होते, त्यातच फेरफार करून निसर्गाला काम भागवावे लागते. स्पोअरमधील प्राण्याच्या शरीरात असा पूर्वेतिहास नसतो. शिवाय तेथे आकार व कार्य यांचे नातेही सैल आहे. पायाच्या लांबीमुळे वेगात फरक पडत नाही; कोणत्या प्रतीचे पाऊल बसविले, यावर तो ठरतो.

कालमानही विपर्यस्त आहे. खेळातील कोशिका टप्पा थोड्या वेळात संपतो आणि अवकाश टप्पा दीर्घकाळ चालतो. जीवसृष्टीच्या खुणा सु. ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आढळतात. हा काळ एका वर्षात बसविला, तर प्राण्यांचे बहुतेक प्रमुख गट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात, आधुनिक मानव ३१ डिसेंबरच्या अखेरच्या पाऊण तासात येतो आणि शेतीचा आरंभ शेवटच्या दोन मिनिटांत होतो. वर्षाचा बराच मोठा भाग सूक्ष्मजीवांचाच आहे.

सायन्स या नियतकालिकात जॉन बोहॅनन यांनी २००८ साली शास्त्रज्ञांच्या मदतीने या खेळाचे परीक्षण केले, तेव्हा जीवविज्ञानाच्या बहुतेक कसोट्यांवर तो उतरला नाही. अवकाशाचे चित्रण त्या मानाने बरे ठरले.

संगणकातील खरा क्रमविकास : संगणकावर क्रमविकास घडविणे अशक्य आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. रिचर्ड डॉकिन्स यांनी द ब्लाइंड वॉचमेकर (१९८६) या ग्रंथात वर्णिलेल्या कार्यक्रमात साध्या रेषाकृतींत पिढ्यान् पिढ्या लहान बदल होत व पाहणारा त्यांतून निवड करी. टॉमस रे यांच्या टिएरा या प्रयोगात स्वतःच्या प्रती काढणाऱ्या आज्ञावल्या संगणकाच्या स्मृतीत जागेसाठी स्पर्धा करीत आणि त्यांतून परोपजीवी आज्ञावल्या आपोआप उद्‌भवल्या. कार्ल सिम्स यांनी १९९४ साली ठोकळ्यांनी बनलेले आभासी प्राणी सादर केले. त्यांची पोहण्याची व सरपटण्याची तऱ्हा कोणी योजलेली नव्हती. ती निवडीतून निष्पन्न झाली होती. रिचर्ड लेन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ॲव्हिडा या प्रणालीत साध्या क्रियांच्या आधारे जटिल क्रिया कशी विकसित होते, ते पायरीपायरीने दाखविले. अशा प्रयोगांत माणूस मुख्यतः परिस्थिती ठरवितो व नंतर बाजूला होऊन पाहतो. खेळात मात्र खेळाडूच्या हाताला काम लागते. त्याचा हात जितका समर्थ, तितकी नैसर्गिक निवड दुबळी. ही अडचण स्पोअरपुरती नसून या विषयावरील प्रत्येक खेळापुढे उभी राहते. थ्राइव्ह हा स्पोअरपासून स्फूर्ती घेऊन स्वयंसेवकांनी सुरू केलेला खेळ तीतून मार्ग काढण्याचा यत्न करतो. त्यात खेळाडूच्या जातीखेरीज इतर जातींचा विकास संगणक त्यांच्या परिस्थितीनुसार घडवितो.

प्रसार व वाद : प्रकाशनानंतर काही आठवड्यांतच स्पोअरच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या, तथापि सेक्युरॉम या प्रतिबंधक कार्यक्रमामुळे वाद उद्‌भवला. विकत घेतलेली प्रत आरंभी केवळ तीन वेळा कार्यान्वित करता येई. पुढे ही मर्यादा पाच करण्यात आली. ग्राहकांनी ॲमेझॉन या विक्रीस्थळावर हजारो प्रतिकूल अभिप्राय नोंदविले व अमेरिकेत न्यायालयीन दावाही दाखल झाला. अनधिकृत प्रती रोखणे हा निर्बंधाचा उद्देश होता, परंतु तशा प्रती इंटरनेटवर मोठ्या प्रमाणात पसरल्याच. गैरसोय झाली ती मुख्यतः पैसे मोजणाऱ्यांची. संगणकीय वस्तू विकत घेणारा तिचा मालक होतो, की केवळ परवानाधारक राहतो, हा प्रश्न या प्रकरणाने सामान्य ग्राहकापर्यंत नेला. गॅलॅक्टिक ॲड्‌व्हेंचर्स (२००९) ही खेळाची पुरवणी होय. राइट यांनी २००९ साली संस्था सोडली. एमरीव्हिल येथील मॅक्सिसचे मुख्य कार्यालय मार्च २०१५ मध्ये बंद झाले.

मूल्यमापन : खेळ म्हणून स्पोअरचे प्रत्येक टप्प्याचे नियम सोपे व काहीसे उथळ राहिले. पाच वेगळे खेळ एकत्र गुंफताना कोणत्याही एकाला पुरेशी खोली मिळाली नाही, असे अनेक समीक्षकांचे मत पडले. प्राणी घडविण्याची सुलभ साधने, हालचालींचे तंत्र व खेळाडूंच्या निर्मितीची देवघेव या बाबतींत मात्र त्याचे महत्त्व मान्य झाले आहे. शैक्षणिक दृष्ट्या त्याचे मूल्य त्याच्या वापरावर अवलंबून आहे. क्रमविकासाची प्रतिकृती म्हणून तो पुढे ठेवल्यास दिशाभूल होते. परंतु खेळात काय घडते व निसर्गात काय घडते, यांची तुलना करण्यासाठी तो वापरल्यास घडविणाऱ्याच्या हाताशिवाय गुंतागुंतीची रचना कशी सिद्ध होते, हा जीवविज्ञानातील मध्यवर्ती प्रश्न विद्यार्थ्यापुढे ठळकपणे मांडता येतो.