सांबार मागितला, आलं काय?

आमच्या वऱ्हाडात भाजीवाल्याला ‘दहा रुपयांचा सांबार दे’ म्हटलं, की तो निमूट कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकतो. हेच पुण्याच्या हॉटेलात मागून बघा, वाटीभर आमटी समोर येईल! शब्द तोच, ऐकणारा वेगळा. मैत्रिणींनो, जुन्या संगणकांचं सगळं दुखणं या एका गोष्टीत आलं. आणि तुमच्या-माझ्या कपाटात पडलेल्या जुन्या फ्लॉप्यांचंही.

अकोल्याच्या माझ्या मामी शिक्षिका होत्या. बदली होईल त्या गावच्या बायकांच्या तोंडचे वऱ्हाडी शब्द आणि म्हणी त्या वहीत उतरवून घ्यायच्या. १९९४ साली ओळखीच्या एका कार्यालयात, सुटीच्या दिवशी बसून, त्यांनी ते सगळं संगणकावर टाइप केलं. वह्यांना पुढं वाळवी लागली. उरली ती एक फ्लॉपी. आता मामी एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, डोळे अधू झालेत. मागच्या वर्षी त्यांनी फ्लॉपी एका दुकानात नेली. पडद्यावर आले बारीकसे ३ चे आकडे, टिंबं, टोप्या आणि परदेशी अक्षरं. ‘खराब झाली आजी, फेकून द्या,’ दुकानदार म्हणाला. मामींनी मला अमरावतीला फोन करून एवढंच विचारलं, ‘पोरी, माह्या शब्दायची राख झाली का वं?’

राख झाली नव्हती. का, ते सांगते.

सत्तरच्या दशकात संगणक एकीकडे आणि पडदा-कळफलक दुसरीकडे असे. या पडदा-कळफलकाच्या जोडीला टर्मिनल म्हणत. ती बनवणाऱ्या कंपन्या अनेक आणि प्रत्येकीची बोली न्यारी. ‘पडदा पुसून टाक’ हे सांगायला एका टर्मिनलला एक खूण, दुसऱ्याला दुसरी. चुकीची खूण गेली की पडद्यावर नुसता कचरा. म्हणून १९७८ मध्ये आलेलं वर्डस्टार हे लिखाणाचं सॉफ्टवेअर बसवताना आधी विचारायचं, ‘तुमचं टर्मिनल कोणतं?’ यादीतून नाव निवडायचं. यादीत नसेल तर त्याच्या पुस्तिकेतून एकेक खूण शोधून हातानं भरायची. नवी सून पहिल्या दिवशी सासूला विचारत नाही का, मीठ कुठल्या डब्यात आणि साखर कुठल्या? तसंच हे. एकदा डबे कळले की स्वयंपाक सुरळीत!

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, त्याच्यासारखेच इतरांनी बनवले आणि इंग्रजीपुरता हा घोळ बराच मिटला. मराठीचं काय? त्या पडद्याला देवनागरी येतच नव्हती. त्यावर उपाय निघाला जिस्ट. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं हे काम पुण्याच्या सीडॅकनं पुढं नेलं. जिस्टचं कार्ड संगणकाच्या पोटात बसवलं, की वर्डस्टारसारख्या इंग्रजी सॉफ्टवेअरमध्येही मराठी उमटायची. मोठ्या संगणकांना जोडायला जिस्टची टर्मिनलंही होती.

मी स्वतः टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली. आम्हाला टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, ही सवय. जिस्टच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर मात्र जसं बोलतो तसं: आधी क, मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन बसवण्याचं काम कार्डाचं. कॅप्सलॉक दाबलं की मराठी, सोडलं की इंग्रजी. गंमत म्हणजे एक कळ दाबून तोच मजकूर गुजराती लिपीतही बघता यायचा, कारण आत साठायचे ते अक्षरांचे आकार नव्हे, तर क्रमांक. त्या क्रमांकांची पद्धत म्हणजे इस्की. भारतीय मानक म्हणून ती १९९१ मध्ये ठरली. तिच्यात ‘क’चा क्रमांक १७९.

आता मामींच्या फ्लॉपीकडे या. आजच्या साध्या संगणकाला १७९ म्हणजे डोक्यावर लिहिलेला बारीक ३. जुन्या डॉसच्या पडद्याला तोच १७९ म्हणजे एक उभी रेघ. मामींनी सांबार मागितला होता, दुकानातल्या संगणकानं आमटी वाढली! अक्षरं जिथल्या तिथं होती, ऐकणारा बदलला होता.

आणखी एक गोष्ट मामींच्या पथ्यावर पडली. जुनं वर्डस्टार डॉक्युमेंट प्रकारच्या फाइलमध्ये शब्दाच्या शेवटच्या अक्षरात स्वतःची खूण मिसळायचं. मामींनी साधी, म्हणजे नॉन-डॉक्युमेंट फाइल केली होती, त्यामुळं भेसळ झाली नव्हती. इंजिनीअरिंगला असलेल्या माझ्या भाचीनं छोटासा प्रोग्राम लिहून इस्कीचं युनिकोड केलं. पहिलीच नोंद आली: ‘वावर: शेत. ता. मंगरूळपीर, जि. अकोला.’ वाशीम जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला, त्याच्या आधीची ती नोंद. मी फोनवर पानामागून पान वाचत गेले. मधेच मामी म्हणाल्या, ‘थांब वं, हे मले सांगणारी बाई आता नाई राह्यली.’

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही आईच्या पाककृती, मंडळाचे अहवाल, कुणाच्या कविता अशा अडकल्या असतील, तर एवढं करा. फ्लॉपीला बुरशी धरायच्या आत तिची जशीच्या तशी नक्कल करून घ्या. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मिळतो, सव्वापाच इंचीला मात्र जुनंच यंत्र शोधावं लागतं. मजकूर विचित्र दिसला तर त्याच फाइलवर ‘सेव्ह’ करू नका. टाइप कशात केलं होतं, ते आठवून कागदावर लिहा. जिस्ट असेल तर जाणकाराला ‘इस्की देवनागरी, विंडोजचा क्रमांक ५७००२’ एवढं सांगा. श्रीलिपी, आकृती अशा फाँटमधलं असेल तर त्या-त्या फाँटचाच परिवर्तक लागतो, दुसऱ्याचा चालत नाही. आणि युनिकोडमध्ये आलेला मजकूर कागदावरही छापून ठेवा.

मुख्य म्हणजे, टाइप करणारी बाई आहे तोवर तिला विचारा. कुठला डबा कुठं ठेवला होता, हे तिलाच ठाऊक असतं.