देवाला सोडलेलं माणूस परत घेता येतं का?

मंडळी, आजचा विषय नवसाचा आहे. तुळजापूर इथून हाकेच्या अंतरावर, म्हणजे नवस म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मी फक्त एक प्रश्न घेऊन आलोय. देवाला दिलेली वस्तू परत घेता येते का? आणि ती वस्तू नसून माणूस असेल तर?

आधी आपली भाषा काय म्हणते ते बघा. आपण नवस 'बोलतो' आणि 'फेडतो'. फेडतो म्हणजे कर्जच. साडीचोळी आपण देवीला 'वाहतो'. पण वळू, बोकड आणि लेकरू, ही आपण देवाला 'सोडतो'. हा 'सोडणे' शब्द मोठा विचित्र आहे. वळू सोडला की तो मोकळा होतो, कुणाच्याही रानात चरतो. मुलगी सोडली की ती बांधली जाते. क्रियापद एकच, अर्थ नेमका उलटा.

मी तिसरीत होतो, म्हणजे १९५८ च्या आसपासची गोष्ट. आमच्या वर्गात एक मुलगी होती, पाढ्यांत माझ्या पुढे. तिच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून ही जगली तर खंडोबाला सोडीन असा नवस होता. खंडोबा आपल्याच जिल्ह्यातला, नळदुर्ग-अणदूरचा. मूर्ती वर्षातला काही काळ इथं, काही काळ तिथं. मुलगा सोडला तर वाघ्या, मुलगी सोडली तर मुरळी. भंडारा उधळून तिचं देवाशी लग्न लागलं आणि शाळेच्या हजेरीतलं नाव कमी झालं. पुढे काही वर्षांनी बापाचं मन फिरलं. नात्यातलं एक चांगलं स्थळ होतं, त्यांची तयारी होती. बाप चार वडीलधाऱ्यांकडे गेला. विचारलं, पोरगी परत घ्यायची तर देवाला काय द्यावं लागेल? मी ओसरीवर बसून ऐकत होतो. कुणालाच सांगता येईना. "देवाची वस्तू हाय, घर बुडंल," एवढंच सगळे म्हणाले. ती परत आली नाही.

पुढे तत्त्वज्ञानाच्या निमित्तानं बायबलचा जुना करार वाचला, तेव्हा लेवीय नावाच्या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायापाशी मी थबकलो. कारण तिथं चक्क दरपत्रक आहे. कुणी माणूस परमेश्वराला नवसला, तर त्या माणसाऐवजी किती चांदी द्यायची याचं. वीस ते साठ वयाचा पुरुष ५० शेकेल, बाई ३०. पाच ते वीस वर्षांचा मुलगा २०, मुलगी १०. महिन्यापासून पाच वर्षांपर्यंतचा मुलगा ५, मुलगी ३. साठीच्या पुढे पुरुष १५, बाई १०. मी पंधरा शेकेलात बसतो, घरी सांगितलं तेव्हा हशा झाला.

पहिल्यांदा वाचताना राग येतो. माणसाला भाव? आणि बाईला कमी? तो राग खराच आहे, मी तो मागे घेत नाही. पण हे दरपत्रक काय काम करतं ते बघा. नवस खोटा पडत नाही, देवाचं देणं बुडत नाही, आणि माणूस घरी राहतो. शिवाय पुढे लगेच म्हटलंय की नवस बोलणाऱ्याची ऐपत नसेल तर याजकानं त्याच्या ऐपतीप्रमाणे रक्कम ठरवावी. आमच्या गावच्या त्या बापाला हेच एक वाक्य हवं होतं.

वस्तूंचे नियमही तिथंच आहेत. घर वाहिलं आणि परत हवं असेल तर याजकानं ठरवलेल्या किमतीवर एक पंचमांश जास्त भरायचा. आपण सव्वा म्हणतो ना, सव्वा रुपया, सव्वा किलो, त्यांचा एक पंचमांश तसाच. यज्ञाला चालणारं जनावर मात्र बदलता येत नाही. चांगल्याच्या जागी वाईट आणून बांधलं, तर दोन्ही देवाची. हा नियम ज्यानं लिहिला त्याला शेतकरी चांगला ओळखीचा होता! जमिनीची किंमत त्या रानात पेरायला किती जव लागतात त्यावर आणि पन्नासाव्या वर्षाला किती वर्षं उरली त्यावर. आपल्याकडे देवस्थानच्या खिदमतमाश जमिनींचे खटले ज्यांनी पाहिलेत, त्यांना देवाची जमीन हा विषय किती गुंतागुंतीचा असतो ते ठाऊक आहे.

आता त्याच अध्यायाची काळी बाजू. अर्पणाचा एक प्रकार असा आहे की त्याला सुटकाच नाही. हिब्रू शब्द 'हेरेम'. आपल्या मराठवाड्यात हा शब्द समजायला सोपा आहे, कारण अरबीतला 'हराम' त्याच धातूचा: वेगळं काढलेलं, हात लावू नये असं. हेरेम झालेली वस्तू विकायची नाही, सोडवायची नाही. हेरेम झालेला माणूस मारलाच पाहिजे. युद्धात अख्खी गावं हेरेम झाल्याच्या कथा आहेत. तेव्हा प्राचीन इस्राएल लोक दयाळू आणि आपण निर्दय, असा निष्कर्ष कुणी काढू नये. एकाच पानावर सुटकेचा रस्ता आहे आणि बंद दारही आहे.

पहिलं मूल देवाचं, ही कल्पनाही तिथं होती. पण तिथंही बदली होती. गणना या पुस्तकात हिशेब आहे: पहिलटकर मुलगे २२,२७३, त्यांच्या बदल्यात देवाच्या सेवेला लेवी वंशाचे २२,०००. उरले २७३. त्यांच्यासाठी माणशी पाच शेकेल, एकूण १,३६५. वाण्याच्या वहीसारखा चोख हिशेब. एकही मूल अधांतरी सोडलेलं नाही.

अपवाद म्हणजे हन्ना. मूल होत नाही म्हणून ती शिलोच्या मंदिरात रडली, मुलगा दिलास तर तुलाच देईन म्हणाली, आणि अंगावरचं दूध सुटल्यावर शमुवेलला खरंच नेऊन सोडलं. दरवर्षी ती त्याच्यासाठी लहान अंगरखा शिवून न्यायची. पोर मोठं होतंय, माप बदलतंय, हे आई वर्षातून एकदा बघतेय. शमुवेलला मात्र कुणी काही विचारल्याचा उल्लेख कुठं नाही.

आणि इफ्ताह. त्यानं विजयासाठी नवस केला: घराच्या दारातून जे पहिलं बाहेर येईल ते तुझं. एकुलती लेक डफ वाजवत बाहेर आली. ज्यू परंपरेतल्या जुन्या भाष्यकारांनी इथं एक बोचरी गोष्ट जोडली आहे. ते म्हणतात, पैसे भरून हा नवस सोडवता आला असता, याजक पीनहास जिवंत होता. पण इफ्ताह म्हणाला, मी सेनापती, मी त्याच्याकडे जाऊ? पीनहास म्हणाला, गरज त्याला, मी कशाला जाऊ? दोघांच्या मानापमानात पोरगी गेली. मानपान म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

या सगळ्याला मराठी धागाही आहे. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना शनिवार तेली म्हणत, ते मराठी बोलणारे ज्यू. हाइम शमुवेल केहिमकर यांनी त्यांच्या इतिहासात नोंदवलंय की मूल होत नसलेली बाई नवस करायची. मुलगा झाला की सहा-सात वर्षांचा होईपर्यंत त्याचे केस कापायचे नाहीत, मग ते उतरवून सोन्या-चांदीच्या भारानं तोलायचे आणि तेवढं दान करायचं. आपल्याकडे मुलाची गुळानं तुला करतात, तीच युक्ती. तराजूत मूल बसतं, देवाकडे गूळ जातो, मूल आईच्या कडेवर घरी येतं. म्हणजे सोडवणुकीची रीत आपल्यालाही ठाऊक होती. प्रश्न असा की ती मुरळीपर्यंत का पोचली नाही? माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. गुळाची तुला ऐपतवाल्या घरची होती. सोडल्या जाणाऱ्या मुली बहुतेक अशा घरांतल्या, ज्यांचा शब्द गावात चालत नव्हता. त्या परत जाऊ नयेत यात गावातल्या काही लोकांची सोय होती, आणि देवाचं नाव त्या सोयीवर पांघरूण होतं.

मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा झाला: मुलगी अर्पण करणं बेकायदा, आणि अर्पण झालेल्या बाईनं लग्न केलं तर ते वैध. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, आपल्याला तो लागू नव्हता. पुढे महाराष्ट्रानं स्वतंत्र कायदा केला तो २००५ चा.

माझी ती वर्गमैत्रीण बऱ्याच वर्षांनी आमच्या दारी आली होती, हातात घोळ, कपाळाला भंडारा. आईनं सुपातून जोंधळे घातले. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. तिनं मला ओळखलं. म्हणाली, "तुला एकोणतीसचा पाढा येत नव्हता." मला तो आजही अडखळतच येतो.

थांबतो. प्रश्न घेऊ या.