जाम ते दिवाडी : थांबायला शिकवणारी सुट्टी

"कुठला बे तू?" होस्टेलवर पहिल्याच दिवशी हा प्रश्न येतो. मी सांगतो, "जाम." मग ठरलेले विनोद होतात. ट्रॅफिक जाम, जाम भारी, ब्रेड-जाम... ऐकून ऐकून आता मीच आधी हसून घेतो!

तर मित्रांनो, जाम हे वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात, नागपूर–हैदराबाद महामार्गावरचं गाव. इथूनच चंद्रपूरकडे जाणारा रस्ता फुटतो. त्यामुळे दिवस असो की रात्र, ट्रक, ट्रॅव्हल्स आणि एस.टी. यांची रांग चालूच. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी इथे उतरून चहा घेतला असेल. मुक्काम मात्र एकानेही केला नसेल. नाव जाम, पण थांबत कुणीच नाही!

याच रस्त्यावर आमचं चहा-नाश्त्याचं लहानसं हॉटेल आहे. पहाटे चारला शेगडी पेटते. माझ्या आठवणीत ते सलग पाच दिवस कधी बंद राहिलेलं नाही. सातव्या सेमिस्टरला असताना आई एकदा सहज म्हणाली, "एकदा समुद्र पाहाचा होता." बाबांच्या गुडघ्यांनी तोवर कुरकुर सुरू केली होती, आणि पास झाल्यावर मी कुठे असेन याचा नेम नव्हता. म्हटलं, प्रोजेक्टच्या आधी हा प्रोजेक्ट. त्यातून जे शिकलो ते इथे मांडतो. कुणाच्या तरी घरी कामाला येईल.

पहिला हिशेब : ठिकाणांचा नाही, तासांचा

आपल्याकडे सहल म्हणजे यादी. सेकंड इयरला आम्ही मित्र गोव्याला गेलो होतो. चार दिवसांत बारा ठिकाणं! एका ठिकाणी पोचायला, गाडी लावायला आणि परत गोळा व्हायला सरासरी दीड तास धरा. बारा गुणिले दीड, म्हणजे अठरा तास. जागेपणीचा एक अख्खा दिवस नुसता गाडीत गेला. परत आल्यावर फोटो भरपूर होते, पण कोणता किनारा कोणता हे कुणालाच सांगता येईना.

म्हणून या वेळी तीन नियम केले. एक, मुक्काम एकाच ठिकाणी. दोन, दिवसाला फार तर एक काम. तीन, जाण्या-येण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या निदान दुप्पट वेळ तिथे राहायचं. वर्ध्याहून गोव्याला एका बाजूने साधारण एक दिवस लागतो. म्हणजे येऊन-जाऊन दोन दिवस, आणि तिथे चार. हे जमत नसेल तर जवळचं ठिकाण निवडावं. तीन रात्रींसाठी दोन दिवस रेल्वेत बसणं म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल लिहिण्यासारखं. होतं, पण त्यात मजा नसते.

बेटच का, आणि हेच का?

बेटाचा मोठा फायदा म्हणजे त्याला कडा असते. "अजून थोडं पुढे जाऊन पाहू" हा मोह तिथे पाण्यापाशी संपतो.

बेट म्हटलं की आधी अंदमान आठवतं. तिथलं नील बेट (२०१८ पासून शहीद द्वीप) लहान आणि शांत म्हणून ओळखलं जातं. पण विमानाचं भाडं, पुढे पुन्हा बोट. आमच्या गल्ल्याला ते झेपणारं नव्हतं. लक्षद्वीपला तर आधी प्रवेश परवाना काढावा लागतो. मग नकाशावर गोव्यातच मांडवी नदीच्या पात्रात एक बेट दिसलं. दिवाडी! इंग्रजी नकाशात 'दिवार'. तिसवाडी तालुक्यातलं हे बेट जुन्या गोव्याच्या अगदी समोर आहे, आणि जुन्या गोव्याहून तिथे जायला लागते ती फेरीबोट.

आधीच स्पष्ट सांगतो : दिवाडीला समुद्रकिनारा नाही. नदी आहे, भातशेती आहे, खारफुटी आहे, जुनी कौलारू घरं आणि चर्च आहेत. उष्ण कटिबंधातलं बेट म्हणजे पांढरी वाळू आणि शहाळं, असं चित्र मनात असेल तर निराशा होईल. (उष्ण कटिबंधाचं म्हणाल तर आपला वर्धा जिल्हाही कर्कवृत्ताच्या खालीच आहे, आणि मे महिन्यात ते कुणी सांगावं लागत नाही!) बाबांचा पहिला प्रश्न होता, "मंग पाहाले काय हाय तिथं?" मी म्हटलं, "काहीच नाही, म्हणूनच चाललो." ते गप्प बसले. मला वाटतं, दुकान बंद ठेवायला इतकं कमी कारण त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

जायचं कसं?

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि विदर्भातल्या माणसालाही रेल्वेने गोवा गाठणं सोपं झालं. अलीकडच्या वर्षांत नागपूर–मडगाव अशी विशेष गाडी वर्ध्यावरून सोडली गेली आहे. विशेष गाड्यांचं वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून तारखा आधी पाहून घ्याव्यात. ती नसेल तर वर्ध्याहून विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेसने मुंबई, आणि तिथून मांडवी किंवा कोकणकन्या एक्सप्रेस. दोन गाड्यांच्या मध्ये भरपूर वेळ ठेवा. पहिली गाडी उशिरा आली तर सुट्टीची सुरुवातच धावपळीने होते.

उतरायचं मडगावला नाही, अलीकडे करमळीला. तिथून जुनं गोवं अगदी जवळ आहे. गंमत म्हणजे थिवी सोडल्यावर आणि करमळी येण्याआधी गाडी मांडवीवरच्या पुलांवरून याच दिवाडी बेटाला ओलांडते. खिडकीतून शेतं दिसतात, पाणी दिसतं... आणि गाडी निघून जाते. बेटावर स्टेशन नाही. बाबा म्हणाले, "हे तर आपल्या जामसारखंच झालं!"

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ गेलं की फेरीचा धक्का. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पाच-दहा मिनिटांत पलीकडे. मोटारी, स्कूटर, शाळेची पोरं, पाववाल्याची सायकल, सगळं एकाच सपाट बोटीवर. बेटावर राहायला घरगुती निवासं आहेत, पण मोजकी. निघण्याआधी फोन करून खोली पक्की करावी आणि जेवणाचं त्याच वेळी विचारावं. काळ निवडायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. गर्दी आवडत असेल तर ऑगस्टमधल्या चौथ्या शनिवारी बोंदेरां हा झेंड्यांचा उत्सव असतो. पण मग 'शांत सुट्टी' विसरा.

दिवस न आखण्याची पद्धत

सकाळी सायकलवर भोंगा वाजवत 'पोदेर', म्हणजे पाववाला येतो. पोळी नाही, पोहे नाहीत, गरम पोई आणि भाजी. दुपारी जेवणानंतर दुकानं बंद. लोक चक्क झोपतात! कोकणीत याला 'सुशेगाद' म्हणतात. शब्द मूळचा पोर्तुगीज, अर्थ निवांत. आपण त्याला आळस म्हणतो, पण ज्याने सकाळी शेतात किंवा होडीत काम केलंय त्याची ती हक्काची विश्रांती आहे.

आमचे चार दिवस असे गेले. पहिल्या दिवशी फक्त पोचणं. दुसऱ्या दिवशी पिएदादच्या टेकडीवरचं चर्च; वरून नदी, शेतं आणि पलीकडचं जुनं गोवं एका नजरेत येतं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूच्या फेरीने नदी ओलांडून नार्वे. तिथे सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. हे कदंब राजांचं दैवत मूळचं दिवाडीवरचं. बेटावरचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव पलीकडे गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. शाळेत वाचलेलं नाव असं समोर आलं की बरं वाटतं. चौथ्या दिवशी बसने पणजी आणि मिरामार. रायबंदरजवळ तीनेक किलोमीटरचा जो बंधारारस्ता लागतो तो १६३३-३४ मधला. सिव्हिलवाल्यांनी जरूर मान वळवावी!

मिरामारला आईने चपला हातात घेतल्या आणि घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन अर्धा तास उभी राहिली. एकही फोटो काढू दिला नाही. समुद्राचं काम एवढंच होतं, पण त्यासाठी सबंध दिवस मोकळा होता म्हणून तो अर्धा तास मिळाला. बाराच्या यादीत तिला दहा मिनिटं मिळाली असती.

आणि आपल्या कामाचं थोडंसं

दिवाडीच्या कडेने फिरताना मातीचे बांध दिसतात. आत भाताची खाचरं, बाहेर खारं पाणी. या शेतीला 'खाजन' म्हणतात. बांधात जागोजागी लाकडी दारांची झडप असते, तिला 'मानस' म्हणतात. भरतीला बाहेरचं पाणी चढतं आणि दाराला आतल्या बाजूला दाबून बंद करतं, खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आतल्या पाण्याचा रेटा दार उघडतो आणि पावसाचं साठलेलं पाणी निघून जातं. मोटर नाही, सेन्सर नाही. आपण लॅबमध्ये ज्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतो, तोच हा.

रेट्याचं गणित करून पाहा. एक मीटर रुंद दारावर एका बाजूने एक मीटर उंच पाणी असेल तर बल सुमारे ४.९ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास पाचशे किलो वजनाइतकं! फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात हे मी निमूटपणे लिहून आलो होतो. खरं कळलं ते त्या बांधावर बसून. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. त्यामुळे दार उघडताना पाहायचं तर घाई करून चालत नाही. पाऊस जमिनीतला खारेपणा धुऊन नेतो तेव्हा इथे 'कोरगुट' नावाचं खारं सोसणारं भात पिकतं. बांध फुटला तर एकाचं नाही, सगळ्यांचं शेत खारवतं. म्हणून त्याची राखण पूर्वापार गावकीने, मिळून होत आली.

काळजी काय घ्यायची?

एक : नदीत पोहायला उतरू नका. बाजूच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, आणि मांडवीला ओढही आहे. दोन : रात्री फेऱ्या कमी होतात, म्हणून नेहमीची औषधं जवळ ठेवा आणि शेवटच्या फेरीची वेळ आल्याबरोबर विचारून घ्या. तीन : बेटावरची सुंदर घरं ही लोकांची राहती घरं आहेत. दारात उभं राहून फोटो काढण्याआधी विचारा. जामला आमच्या ओट्यावर कुणी न विचारता बसलं तर आम्हाला जसं वाटतं, तसंच त्यांनाही वाटतं.

पूल हवा की नको?

फेरीत उभं राहिलं की आपल्यातल्या इंजिनिअरला पहिलं सुचतं ते हेच : इथे पूल का नाही? मीही निवासाच्या मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, रात्री माणूस आजारी पडला की पूल हवा वाटतो, आणि सकाळ झाली की नको वाटतो. बेटावर दोन्ही मतांचे लोक आहेत आणि दोघांचंही खरं आहे. पूल झाला की दवाखाना जवळ येतो. पण त्याच पुलावरून बारा ठिकाणांची यादी घेऊन आपणही येतो. डिझाइनच्या पुस्तकात स्पॅन आणि लोड असतात, हा प्रश्न नसतो. तो तिथे राहणाऱ्यांनीच सोडवायचा.

बाबा पहिल्या दिवशी धक्क्यावर सारखे विचारत होते, "पुढची बोट कधी?" एक सुटली की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. चौथ्या दिवशी मिरामारहून परतताना आमच्या डोळ्यांसमोर फेरी सुटली. मी घड्याळ पाहिलं. ते कठड्यावर बसले आणि म्हणाले, "येते ना दुसरी. बस खाली."

पाच-सहा दिवसांचा गल्ला बुडाला, हे खरं. खर्चाच्या वहीत सगळ्यात मोठा आकडा तोच होता, भाड्याचा नाही. तुम्ही घरच्यांसाठी अशी सुट्टी ठरवाल तेव्हा हा आकडा आधी लिहा. ज्यांचं घर रोजच्या कमाईवर चालतं त्यांना तिकिटापेक्षा तोच अडवतो. आम्ही तो भरून काढायला दिवाळीपासून थोडं थोडं बाजूला ठेवलं होतं.

परत आल्यावर पहाटे चारला शेगडी पेटलीच. फक्त आता मंगळवारी दुपारी दोन ते चार हॉटेलची फळी लागलेली असते. कधी जामला उतरलात आणि ती बंद दिसली, तर रागावू नका. बाजूच्या बाकावर बसा. उघडतं थोड्या वेळात!

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी