चूक सुधारण्याची विद्या

दिवाळी जवळ आली की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील अंगणांत मातीचे किल्ले उभे राहू लागतात. शिवनेरीच्या पायथ्याशी वाढणाऱ्या मुलाला तर मूळ गड डोळ्यांसमोरच असतो. सातांऐवजी पाचच दरवाजे केले, तर घरातील वडीलधारे ती चूक तत्काळ दाखवून देतात. प्रतिकृती मुळाशी ताडून पाहण्याचा हा संस्कार येथे जुनाच आहे. तो विमानाच्या प्रतिकृतीपर्यंत नेला, तर त्यातून मोठे शिक्षण घडू शकते.

दुसऱ्या महायुद्धातील लिबरेटर या चार इंजिनांच्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या पंखांचा विस्तार ११० फूट. बहात्तरांश प्रमाणात तो सुमारे साडेसेहेचाळीस सेंटिमीटर भरतो. या प्रमाणात एक मिलिमीटरची चूक म्हणजे प्रत्यक्ष विमानात सात सेंटिमीटरांहून अधिक चूक होय. जुन्या साच्यांतून निघालेल्या प्लास्टिकच्या संचांत अशा चुका विपुल असतात. सांध्यांत फटी राहतात, जाड भागांवर खळगे पडतात, पंखाची मागील कड बोथट असते, पत्र्यांचे जोड उंच रेघांनी दाखविलेले असतात. पुढे चाक असलेले विमान जोडून ठेवताच शेपटीवर बसते, ते निराळेच.

यावर उपाय आहेत. पण ते संयमाचे आहेत. गोंद लावण्यापूर्वी भाग कोरडेच जुळवून पाहावेत, छायाचित्रे व आराखडे ताडावेत, फटीत पुट्टी भरून ती वाळल्यावर पॉलिशपेपरने घासावी, कड आतून तासावी, नाकात शिशाचे छर्रे बसवावेत. घाईने अधिक घासले तर मूळ आकारच जातो. दोष कोठे आहे हे ओळखणे, तो किती दूर करावयाचा हे ठरविणे आणि तेथे हात थांबविणे, या तिन्ही गोष्टी पाठ्यपुस्तकाने येत नाहीत.

खऱ्या लिबरेटरची कथाही याच जातीची आहे. महायुद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाने कानपूरला अनेक लिबरेटर विमाने निकामी करून टाकून दिली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी त्यांतील दुरुस्तीजोगी विमाने निवडली, उडण्यापुरती सावरली आणि मुख्य चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला नेली. तेथे त्यांचे नूतनीकरण झाले. १९४८ मध्ये ती भारतीय हवाई दलात दाखल झाली; पुढे पुण्याच्या तळावरही राहिली आणि १९६८ मध्ये निवृत्त झाली. भंगारातून उभे राहिलेले हे सामर्थ्य परकीय कृपेचे नव्हते. ते दोष पारखणाऱ्या हातांचे होते.

संहाराचे यंत्र मुलांच्या हाती का द्यावे, असा आक्षेप घेतला जाईल. तो उडवून लावण्याजोगा नाही. परंतु बॉम्बकक्षाची दारे मापात बनविणाऱ्या मुलाला त्यातून काय पडत असे आणि कोणावर, हा प्रश्न चुकविता येत नाही. तो विचारला जाणे हेच शिक्षकाचे काम.

मापातील चुकीची किंमत जुन्नरच्या डोंगरांनी पाहिली आहे. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईकडे येणारे अलितालियाचे प्रवासी विमान मुंबई जवळ आल्याच्या चुकीच्या समजुतीने वेळेआधीच खाली उतरू लागले आणि या परिसरातील डोंगरावर आदळले. आतील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. अंतराचा अंदाज चुकणे म्हणजे काय, हे याहून कठोरपणे सांगता येणार नाही.

आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने करीत शिकावे याच श्रद्धेने. प्रत्येक मुलाला महागडा परदेशी संच मिळणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. शाळेला एक सदोष संच, एक मोजपट्टी, थोडी पुट्टी आणि घाई न करणारा शिक्षक एवढे पुरे. निर्दोष वस्तू मुलाच्या हाती देणे सोपे असते. सदोष वस्तू देऊन ती नीट करण्याची मुभा देणे अवघड. आपल्या शाळांनी हे दुसरे काम अंगावर घ्यावे.